अयामारूचा मासा आणि सह्याद्रीचे पाणी

घणसोलीत राहणाऱ्या एका मत्स्यप्रेमी गृहस्थांनी मला विचारले आहे की, कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून त्यांनी बोसमनी रेनबो जातीचे आठ मासे आणले आणि ही जात तिच्या मूळ सरोवरात संकटग्रस्त असल्याचे त्यांना नंतर वाचनातून कळले; तर अशी जात घरी पाळणे योग्य आहे का, घरच्या टाकीत तिची पिल्ले काढल्यास जात वाचायला हातभार लागेल का, दुकानातल्या चित्रात दिसणारा रंग त्यांच्या माशांना अजून का चढलेला नाही, आणि पिल्ले फार झाली तर ठाण्याच्या एखाद्या तलावात सोडली तर चालतील का. मी ठाण्यात राहतो आणि बरीच वर्षे रेनबो माशांची पैदास करत आलो आहे, त्यामुळे चारही प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच सांगून टाकतो: तलावात एकही मासा सोडू नका.

हा मासा इंडोनेशियाच्या ताब्यातील पश्चिम न्यू गिनीचा आहे. त्या बेटाच्या वायव्य टोकाला पक्ष्याच्या डोक्यासारखा आकार असलेला द्वीपकल्प आहे, त्याच्या मध्यभागी चुनखडीच्या डोंगरांत अयामारू नावाची उथळ, एकमेकांना जोडलेली सरोवरे आहेत. तेथे आणि जवळच्या उतेर सरोवराच्या परिसरात, त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांत, एवढ्याच टापूत बोसमनी निसर्गतः आढळतो. लायडनच्या संग्रहालयातील डच मत्स्यशास्त्रज्ञ मारिनस बोसमन यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यास तेथून नमुने गोळा केले. ते पुढे बरीच वर्षे बरणीत पडून राहिले आणि 1980 साली जेरल्ड ॲलन व नॉर्बर्ट क्रॉस यांनी त्यावरून नव्या जातीचे वर्णन करून तिला बोसमन यांचे नाव दिले. अर्ध्या अंगाला निळसर जांभळा आणि उरलेल्या अर्ध्याला नारिंगी पिवळा रंग असलेला हा मासा जिवंत स्वरूपात 1980 च्या दशकाच्या प्रारंभी युरोपात पोहोचला आणि पाहता पाहता जगभरच्या टाक्यांत शिरला.

पुढे जे झाले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ॲलन यांनीच नोंदवून ठेवले आहे की, 1989 च्या सुमारास या सरोवरांतून दरमहा 60,000 च्या आसपास नर व्यापारासाठी पकडले जात होते. यातला ‘नर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माद्या करड्या, चंदेरी आणि फिक्या असल्याने त्यांना गिऱ्हाईक नव्हते, म्हणून जाळ्यातून वेचून फक्त नर नेले जात. एखाद्या उथळ सरोवरातून वर्षानुवर्षे एकाच लिंगाचे मोठे, पूर्ण रंगलेले मासे काढत राहिले, तर मागे उरतात ती पिल्ले, माद्या आणि रंगाने व वाढीने कमी पडणारे नर, म्हणजे पुढची पिढी नेमक्या कमकुवत बापांपासून होते. संख्या घटल्याचे लगेच दिसते, हे नुकसान मात्र चटकन दिसत नाही. पुढे इंडोनेशियात व इतरत्र मत्स्यशेतीतच या जातीची मोठ्या प्रमाणावर पैदास होऊ लागली आणि सरोवरातील माशांवरचा बाजाराचा ताण त्या मानाने कमी झाला.

तरीही ही जात आजही आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, यादीत संकटग्रस्त आहे, आणि त्याचे कारण टाक्यांपुरते उरलेले नाही. चुनखडीच्या प्रदेशातील सरोवरांचे पाणी जमिनीखालच्या विवरांतून झिरपते. त्यात भोवतालचे रान तुटले, गाळ आला, पातळी खालावली, की काठालगतच्या वनस्पतींचा पट्टा उघडा पडतो. बोसमनीची अंडी त्याच वनस्पतींना चिकटलेली असतात. भरीस भर म्हणून खाण्यासाठी बाहेरून आणलेला कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडचे मत्स्यशेतकरी सायप्रिनस म्हणतात, तो त्या सरोवरांत वाढला. हा मासा तळ उकरत चरतो, त्यामुळे पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि त्यांवरची अंडी नष्ट होतात. ज्या जातीचे सारे जग काही डबक्यांएवढे आहे, तिला एवढा फरक पुरेसा असतो.

आता आपल्या टाकीतील आठ मासे. कुर्ल्याला किंवा ठाण्याच्या दुकानांत जे बोसमनी मिळतात ते जवळपास सगळे मत्स्यशेतातले असतात: काही परदेशातून आयात झालेले आणि बरेचसे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या, शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध असलेल्या भागांतून आलेले. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी अयामारू पाहिलेले नाही. ते विकत घेतल्याने त्या सरोवरातील एकही मासा कमी होत नाही, म्हणून पाळण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. अपराधीपणा बाळगू नका. हाच प्रश्न एखाद्याने आपल्या सह्याद्रीतील डेनिसन बार्बबद्दल, म्हणजे बाजारात ‘मिस केरळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशाबद्दल विचारला असता, तर मी अधिक सावध उत्तर दिले असते. केरळ व कर्नाटकातील नद्यांपुरता असलेला तो मासा बराच काळ थेट नदीतून पकडून परदेशी पाठवला गेला आणि तोही आज संकटग्रस्त आहे. तेथे ‘हा शेतातला की नदीतला’ हे विचारल्याशिवाय घेऊच नये.

पाळण्यात गैर नाही, तसेच केवळ पाळल्याने किंवा पिल्ले काढल्याने जात वाचते असेही नाही. हे जरा विस्ताराने सांगावे लागेल, कारण याच ठिकाणी चांगल्या मनाच्या पाळणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत होते. रेनबो माशांच्या मेलानोटेनिया या प्रजातीतील (जीनस) अनेक जाती एकमेकींशी सहज संकर करतात आणि त्यांची पिल्ले पुढे प्रजननक्षमही असतात. शेतातील मोठ्या हौदांत वेगवेगळ्या जाती एकत्र राहिल्या, किंवा रंग अधिक उठावदार दिसावा म्हणून कोणी मुद्दाम मिश्रण केले, की तीन-चार पिढ्यांनंतर दिसायला बोसमनी पण रक्ताने भलतेच काही, असा मासा बाजारात येतो. शिवाय एकाच जोडीपासून पिढ्यानपिढ्या भावंडांतच पैदास झाली की पाठीचा बाक, आखूड कल्ले, मंद वाढ हे दोष दिसू लागतात. अशा माशांची हजारो पिल्ले काढली तरी अयामारूच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य आहे.

घरच्या टाकीतून जात वाचू शकते, याला एक ठोस उदाहरण मात्र आहे. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील तेउचित्लान नदीतला टकीला नावाचा छोटा मासा प्रदूषण आणि बाहेरून आलेल्या माशांमुळे त्या नदीतून नाहीसा झाला होता, पण पाळणाऱ्यांच्या टाक्यांत टिकून होता. 1998 साली इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून त्याच्या पाच जोड्या मेक्सिकोतील मोरेलिया येथील विद्यापीठात पोहोचल्या. त्यांपासून तेथील संशोधकांनी कळप वाढवला, माशांना आधी कृत्रिम तळ्यांत ठेवून शत्रू, परजीवी आणि नैसर्गिक अन्न यांची सवय लावली, नदीची अवस्था सुधारली, गावकऱ्यांना सोबत घेतले आणि मगच सुमारे 1,500 मासे नदीत सोडले. त्या माशांचे कुळ ठाऊक होते आणि ते कोणाशी मिसळलेले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले. सोडण्याचे काम नदीकाठच्या शास्त्रज्ञांनी केले, पाळणाऱ्यांनी फक्त वंश शुद्ध राखला. आपल्या वाट्याचे काम यात कोणते, हे या उदाहरणावरून कळावे.

म्हणून आपण पैदास करणारच असाल, तर एक शिस्त मनापासून पाळा. बोसमनीच्या टाकीत दुसरा कोणताही रेनबो ठेवू नका. टर्कोइज नाही, ऑस्ट्रेलियन नाही, प्रेकॉक्सही नाही. लाल रेनबो वेगळ्या प्रजातीतला आहे म्हणून चालेल असे विक्रेते सांगतात, पण तोसुद्धा न्यू गिनीतील सेंतानी या एकाच सरोवराचा रहिवासी आहे आणि त्याच्याशीही संकर झाल्याची उदाहरणे आहेत. केवळ शोभेसाठी मिश्र टाकी ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, फक्त त्या टाकीतील एकही अंडे वाढवू नये आणि कोणाला देऊ नये. घेताना विक्रेत्याला विचारावे की हा माल कोणत्या शेतातला आहे आणि अयामारूचा वंश आहे की उतेर भागातला, कारण परदेशातील जाणकार हे दोन वंशही वेगळे ठेवतात. बहुतेक दुकानदारांना हे ठाऊक नसेल. तरी विचारावे, कारण गिऱ्हाईक विचारू लागले की माल आणणाराही विचारू लागतो. आपल्याजवळ जे कळले ते टाकीवर चिठ्ठीने लिहून ठेवावे: कोठून, कधी आणले, कोणत्या वंशाचे म्हणून. वंश माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असेच लिहावे. ही चिठ्ठी पिल्लांबरोबर पुढे गेली पाहिजे.

आता रंगाबद्दल. आपण लिहिता की मासे दोन इंचांचे आहेत आणि करडे दिसतात. यात काळजीचे कारण नाही. बोसमनीला रंग उशिरा चढतो. नर साधारण वर्षाचा होईपर्यंत तो अर्धवटच असतो आणि खरा बहर त्यानंतर येतो. याउलट दोन इंचांचा मासा दुकानात झगमगीत नारिंगी दिसत असेल तर मला शंका येते, कारण शोभिवंत माशांच्या पिल्लांना संप्रेरके चारून अवेळी रंग आणण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. असे मासे पुढे फिके पडतात आणि त्यांची प्रजननक्षमताही बिघडते. आपल्या माशांना वेळ द्या, टाकीच्या मागे काळा किंवा गडद पडदा लावा, तळाला गडद वाळू घाला आणि निम्म्याहून अधिक जागा पोहण्यासाठी मोकळी ठेवा. आठ प्रौढ माशांना चार फुटांची टाकी लागते, त्याहून लहान टाकीत नर एकमेकांना दाबून ठेवतात. टाकीला झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारतात.

पूर्ण वाढलेल्या नरांचा रंग पाहायचा असेल तर सकाळी टाकीतला दिवा लागल्यानंतरचा पहिला अर्धा तास राखून ठेवावा. दोन नर अंगाला अंग लावून, पर ताणून, शेजारीशेजारी पोहू लागतात. मग एकाच्या कपाळापासून पाठीच्या पराच्या दिशेने एक फिकट, चमकदार पट्टा उमटतो आणि क्षणात मावळतो. पुढचे अंग त्या वेळी निळसर काळे होते आणि मागचे इतके तापते की दिव्याखाली ते पेटल्यासारखे भासते. कोणी कोणाला चावत नाही, सारी लढाई रंगाचीच असते. मादी जवळ असेल तर तो पट्टा पुन्हापुन्हा उमटतो. या वेळी खाणे टाकू नये, पाहत राहावे.

खाण्यात विविधता असावी: चांगल्या प्रतीचे दाणे, स्पिरुलिना असलेला चुरा, गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीवर्गीय जीव), अधूनमधून उकडून सोललेला मटार किंवा पालक. या माशांचे तोंड लहान आणि घसा अरुंद असतो, म्हणून दाणे बारीक असावेत. गटारांतून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे मुंबई-ठाण्यात सर्रास मिळतात आणि मासे ते हावरटासारखे खातात, पण त्यांतून येणारे रोग पाहता मी ते टाकीच्या जवळही येऊ देत नाही.

सर्वांत अधिक लक्ष पाण्याकडे द्यावे लागेल. अयामारूचे पाणी चुनखडीतून येते, त्यामुळे ते जड, म्हणजे क्षारयुक्त, आणि अल्कधर्मी असते. त्याचा सामू, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा पीएच, सातच्या बराच वर राहतो. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते, काही भागांना एमआयडीसीमार्फत बारवीचे, ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचे. हे सगळे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेल्या पावसाचे पाणी आहे आणि ते मऊ असते. मऊ पाण्यात क्षार कमी असल्याने टाकीतील मैला कुजू लागला की सामू रोखून धरायला काही उरत नाही, तो हळूहळू घसरतो आणि रेनबो मासे पर मिटून कोपऱ्यात उभे राहू लागतात. पाळणारा त्याला रोग समजून औषध ओततो, जेव्हा गरज फक्त पाण्यातले क्षार वाढवण्याची असते. घोडबंदर रस्त्यावरील ज्या सोसायट्यांना टँकरचे पाणी येते, त्यांची अडचण आणखी वेगळी आहे: आज विहिरीचे, उद्या बोअरचे, त्यामुळे क्षार दर खेपेस बदलतात. तेथे प्रत्येक बदलाआधी थेंबांच्या संचाने सामू आणि जडपणा तपासणे भाग आहे.

उपाय सोपा आहे. काही दुकानांत यासाठी प्रवाळाचा चुरा विकला जातो, तो घेऊ नये. प्रवाळाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे. त्याऐवजी घरी तिसऱ्या केल्या की त्यांच्या शिंपल्या फेकू नयेत. चिकटलेले मांस पूर्ण खरवडून त्या खळखळून उकळाव्यात, काही दिवस कडक उन्हात वाळवाव्यात, वास पूर्ण गेला की हातोडीने जाडसर फोडाव्यात, धुऊन पातळ जाळीच्या पिशवीत भराव्यात आणि ती पिशवी फिल्टरच्या प्रवाहात ठेवावी. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की शिंपल्या आपोआप जास्त विरघळतात, सामू स्थिर झाला की कमी. म्हणून पावडरी टाकून एकदम सामू चढवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सुरक्षित आहे. पिशवी ठेवल्यावर पहिले काही आठवडे सामू तपासत राहावे आणि शिंपल्या झिजतील तशा नव्या घालाव्यात. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते टाकीत घालावे. सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी तर पाणी बदलूच नये, कारण ब्लीचिंगची मात्रा तेव्हा सर्वांत जास्त असते. उष्णतेचे म्हणाल तर आपली हवा या माशांना मानवते आणि हीटरची गरज क्वचितच पडते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी 32 अंशांच्या वर जाऊ लागले तर खाणे कमी करून हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअरस्टोन) वाढवावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा.

पैदाशीसाठी हिरव्या लोकरीचा झुबका किंवा जावा मॉसचा गुच्छ टाकीत सोडला तरी पुरे. मादी एकदम सगळी अंडी घालत नाही, रोज सकाळी थोडी थोडी घालते. झुबका उजेडासमोर धरला तर मिलिमीटरभर व्यासाचे, काचेसारखे स्वच्छ अंडे बारीक चिकट धाग्याने लोंबताना दिसते. पांढरे पडलेले अंडे बुरशीचे, ते काढून टाकावे. झुबका वेगळ्या लहान टाकीत ठेवल्यावर काही दिवसांत अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात आणि आठवड्याच्या आसपास पिल्लू बाहेर येते. पिल्ले सुरुवातीला अगदी पाण्याच्या पृष्ठभागाशी राहतात आणि त्यांचे तोंड इतके बारीक असते की पहिला आठवडा हिरवे पाणी (सूक्ष्म शेवाळाचे) व सूक्ष्मजीवांवरच काढावा लागतो; त्यानंतर नुकतीच फुटलेली आर्टेमिया द्यावी. वाढ सावकाश होते, घाई करू नये. पाठीला बाक असलेली किंवा कल्ल्यांत दोष असलेली पिल्ले पुढच्या पैदाशीत वापरू नयेत. दर दोन-तीन पिढ्यांनी, शक्यतो त्याच वंशाच्या पण दुसऱ्या पाळणाऱ्याकडील नराशी अदलाबदल करावी.

पिल्ले जास्त झाल्यावर मासुंदा, उपवन, कचराळी, रेलादेवी ही नावे मनात येणे स्वाभाविक आहे, कारण ठाण्यात तलाव जवळच असतो आणि माशाला मोकळे पाणी मिळाले असे वाटते. पण अयामारूत सायप्रिनसने जे केले, त्याची आवृत्ती आपल्या पाण्यांत आधीच चालू आहे. 1952 साली देशात आणलेला चिलापी आज जवळपास प्रत्येक तळ्यात आहे. आफ्रिकन मागूरवर केंद्र सरकारने 2000 सालीच बंदी घातली, तरी तो छुप्या पैदाशीतून येत राहिला. आणि घरच्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी आणलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात इतका माजला की मच्छीमारांच्या जाळ्यांचे नुकसान होऊ लागले. बोसमनी यांच्याइतका दणकट नाही, मऊ आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तो बहुधा तडफडून मरेल. पण त्याच्यासोबत गेलेले परजीवी आणि रोग मरतीलच असे नाही, आणि ते तेथल्या मरळीला, बारीकसारीक देशी माशांना लागतील.

जास्त झालेली पिल्ले चिठ्ठीसह दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत, ओळखीचा दुकानदार घेत असेल तर त्याच्याकडे द्यावीत, आणि कोणी घेणारे नसेल तर काही काळ झुबका टाकीतून काढून ठेवावा; मोठे मासे आपली अंडी स्वतःच खातात आणि संख्या वाढत नाही. द्यायच्या वेळी मासे दोन दिवस उपाशी ठेवून, सकाळच्या गारव्यात, एका पिशवीत थोडेच घालून द्यावेत, आणि घेणाऱ्याच्या पाण्याचा सामू आधी विचारून घ्यावा. तो आपल्यापेक्षा बराच खाली असेल, तर शिंपल्यांची पिशवी आठवडाभर आधी त्याच्या टाकीत जाऊ द्या, मासे त्यानंतर.